गव्हर्नर फिट्झरॉय नालायक. पण कोणाच्या लेखी?

कॅप्टन रॉबर्ट फिट्झरॉय याचे नाव निघाले की इतिहासकार म्हणविणारे दोन शिक्के घेऊनच बसतात. डार्विनला जगप्रदक्षिणा घडविणाऱ्या 'बीगल' जहाजाचा कुशल कप्तान, हा एक; न्यूझीलंडचा नालायक गव्हर्नर, हा दुसरा. पहिला आम्हांस मान्य आहे. दुसरा मारणारे कोण, हे विचारल्यावाचून आम्ही राहणार नाही.

१८४० च्या वाइटांगी तहात राणीच्या नावाने माओरींस त्यांच्या जमिनी राखण्याचे वचन मिळाले. तरी १८४३ च्या जूनमध्ये वाइराऊ येथे न्यूझीलंड कंपनीने मोजणीदार घुसविले. माओरींनी त्यांस हाकलले, तेव्हा गोरे हत्यारबंद होऊन सरदारांस पकडावयास गेले. चकमकीत सरदाराची बायको ते रोंगो ठार झाली. गोरे २२ मेले, पैकी काही शरण आल्यावर. वसाहतवाल्यांनी सुडासाठी एकच गिल्ला केला. १८४४ च्या फेब्रुवारीत नव्या गव्हर्नराने दोन्ही बाजू ऐकल्या. शरणागतांस मारणे हा गुन्हा, असे त्याने माओरींस तोंडावर सुनावले. पण पहिली आगळीक गोऱ्यांची, असाच निकाल दिला! त्याच साली तारानाकीत कंपनीच्या पदरात पडलेला ६०,००० एकरांचा निवाडाही त्याने रद्द केला.

झाले! जमिनीच्या व्यापाऱ्यांनी लंडनपर्यंत बोंब ठोकली आणि १८४५ साली गव्हर्नरसाहेब परत बोलावले गेले. त्याने कागदी पैसा काढून घोळ घातला, होने हेकेशी लढाई त्याच्याच अमदानीत पेटली, हे आम्ही झाकीत नाही. पण तिजोरी त्याच्या हाती आली तीच रिकामी. आणि एकरांवर डोळा असणाऱ्यांनी फिर्यादीही व्हावे, न्यायाधीशही व्हावे, हा कोठला न्याय?

मात्र वाचकहो, त्याची पूजा मांडू नका. होडी चोरीस गेली म्हणून टिएरा देल फुएगोची माणसे ओलीस धरणारा आणि १८३० साली चौघांस विलायतेस नेणारा तोच. त्यांतला एक तिकडे देवीने मेला. त्याचा न्याय धन्याचा न्याय होता. धनी बदलला, न्याय फिरला. पुढचा गव्हर्नर ग्रे याने १८४६ साली म्हातारा सरदार ते राउपराहा यास बिनचौकशी कैद केले. १८६० साली तारानाकीच्या जमिनीसाठी तोफा धडाडल्या.

एका भल्या साहेबाच्या मर्जीवर मिळालेला हक्क त्याच्याच जहाजातून परत जातो. जमीन ज्याची, तिच्या निवाड्यात त्याचे मत चालले पाहिजे; नाहीतर तह नुसता कागद!