किलोच्या भावाने



खडवलीला भातसा नदीच्या बाजूच्या वस्तीत बचत गटाच्या बैठकीसाठी गेले होते. बायका जमायच्या होत्या. एक मावशी पायरीवर बसून जुना प्रिंटर फोडत होत्या. हातोडीचे चार घाव, की प्लॅस्टिक एकीकडे, लोखंड दुसरीकडे. वायर संध्याकाळी जाळायची, तांबं काढायचं.

"धुराचा त्रास होत नाही का हो?"

"होतो की. पण सोलत बसले तर पोरांना जेवायला कधी घालू?"

एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत याचं उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या ढिगात दोन छोट्या मोटरी होत्या. त्यांना स्टेपर मोटर म्हणतात. सांगू तेवढीच फिरते आणि थांबते. ही मोटर, प्रिंटरमधला गुळगुळीत दांडा आणि पट्टा यांतून आखणारं, कोरणारं यंत्र उभं राहतं. भरतकामाचे खाके काढायलाही ते चालेल. 2013 साली आफ्रिकेत टोगोच्या लोमे शहरात कोजो आफाते ग्निकू यांनी वुलॅब या सामुदायिक कार्यशाळेत भंगार प्रिंटर-स्कॅनरच्या भागांतून थ्रीडी प्रिंटर बनवला. खर्च शंभर डॉलरच्या आसपास. आणि पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात, 2002 साली एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब आली. कुणालाही स्वतः वस्तू घडवता यावी अशी ती कार्यशाळा. म्हणजे ही विद्या आपल्याच राज्यात आहे.

मग अडतं कुठे? शिलाई मशीन वीस वर्षं बाई चालवते, पण स्क्रू ड्रायव्हर मिस्त्रीच्या हातात. भंगाराचंही तेच. फोडणं बाईकडे, घडवणं दुसऱ्याकडे. वस्तीत अशी कार्यशाळा निघाली आणि मावशी तिथे झाडू मारायलाच गेल्या, तर ती आपल्या काय कामाची?

एक धोकाही आहे. 'टाकाऊतून टिकाऊ'च्या कौतुकात विष बायकांच्या पदरात पडू नये. डाखात शिसं असतं, जळत्या वायरीतून डायॉक्सिन निघतं. सर्किटच्या पाट्या नोंदणीकृत कारखान्यातच गेल्या पाहिजेत. आपण मोटरी, दांडे, पट्टे घ्यावेत.

2016 च्या आणि त्यानंतर 2022 च्या ई-कचरा नियमांनी या कामगारांची नोंदणी, प्रशिक्षण आणि त्यांचे गट बांधायला मदत ही जबाबदारी राज्याच्या कामगार खात्यावर टाकली आहे. औद्योगिक वसाहतीत या कामासाठी जागा द्यावी, हेही त्यांत आहे. त्याच आधारावर आम्ही अर्ज लिहायला घेतला आहे: एक शेड, वायर सोलायचं यंत्र, हातमोजे आणि शिकवायला कुणीतरी. ती बाई असली तर फारच बरं.

मावशींना म्हटलं, मोटरी विकू नका. त्यांनी विचारलं, "किलोला किती देशील?" प्रश्न रास्त होता. गटाच्या पैशातून त्या विकत घ्यायचं बैठकीत ठरलं, तेही बऱ्याच वादानंतर. आता फळीवर अकरा मोटरी जमल्या आहेत आणि शेड कधी मिळणार, असं मावशी दर बैठकीला मला विचारतात.