मुरलेले तेच उत्तम? माडीच्या बाजूने एक प्रतिवाद

१/ ‘मद्य जितके मुरेल तितके श्रेष्ठ, आपल्याकडची माडी दिवसभरही टिकत नाही, म्हणून ती अडाण्यांचे पेय.’ इतिहासप्रेमी मंडळींतही हे मत सर्रास ऐकू येते. ते शास्त्राला आणि इतिहासाला, दोहोंनाही धरून नाही.

२/ आधी बिअर पाहू. घरी बनवून बाटलीत भरलेली बिअर साधारण दोन-तीन आठवडे ठेवतात. बाटलीतले यीस्ट उरलीसुरली साखर खाऊन फेस निर्माण करते. पुढे मात्र नियम एक नाही. हॉप्सचा सुगंध काही महिन्यांत विरतो. जहाल, गडद बिअर वर्षभरही मुरते.

३/ लंडनमधील बो येथील हॉजसनची बिअर महिनोन्‌महिने समुद्रप्रवास करून हिंदुस्थानात येई आणि वाटेत मुरे. पण तो प्रवास चवीसाठी नव्हता, दूरच्या गोऱ्या गिऱ्हाइकासाठी होता. अंतराची ती अपरिहार्यता आपण अभिरुचीचा निकष कशी मानावी?

४/ गिरगाव, दादर, माहीमच्या माडांच्या वाड्यांत भंडाऱ्यांचे कसब याच्या अगदी उलट होते. पोयीतून ठिबकणारा रस मडक्यातच आंबू लागतो. पहाटे गोड नीरा, काही तासांत माडी, पुढे शिरका. मडक्याला आतून चुना लावला की आंबणे मंदावते. येथे काळ आठवड्यांत नव्हे, तासांत मोजला जाई.

५/ ‘टिकत नाही’ हा दोष म्हणावा, तर गोव्याचे स्वयंपाकघर पाहा. तेथे माडीने पावाचे पीठ फुगवले गेले आणि तिच्या शिरक्याने स्वयंपाकाला आंबटपणा दिला. प्रत्येक अवस्थेचा उपयोग ठाऊक असणे, यालाच ज्ञान म्हणतात.

६/ मग ही माणसे हरली कोठे? करात. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याखाली रस काढण्याच्या झाडांवर कर होता. भट्टीची दारू गोदामात ठेवून भावाची वाट पाहता येते. माडी त्याच दिवशी विकावी लागते. माल न खपला तरी झाडाचा कर चुकत नाही. नाशवंत मालाच्या धंद्याला असा कर अधिक जाचतो, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

७/ १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नीरा आणि ताडी-माडी वेगवेगळ्या ठरवल्या. रस तोच, झाड तेच. मधे फक्त काही तासांचे आंबणे. नीरा रेल्वे स्थानकांवर विकली गेली, माडी गुन्हा ठरली.

८/ म्हणून मित्रहो, बाटलीवरची वर्षे मोजून संस्कृतीची उंची ठरवू नका. ‘किती मुरवावे’ याचे उत्तर पेयागणिक वेगळे असते. माडीचे उत्तर ‘आज, ऊन चढण्यापूर्वी’ असे आहे. आणि ते उत्तर भंडाऱ्यांना पक्के ठाऊक होते.