विमान, मेरिट आणि चपला

जून २०२५ ची गोष्ट. बंगळुरात एका शिकाऊ वैमानिकाने पोलिसात फिर्याद दिली. पोरगा अनुसूचित जातीतला, देशातल्या एका बड्या विमान कंपनीत ट्रेनिंग घेणारा. फिर्याद अशी की गुडगावच्या ऑफिसात बैठकीला बोलावलं आणि वरिष्ठांनी सुनावलं, तू विमान चालवायच्या लायकीचा नाहीस, परत जा आणि चपला शिव. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. कंपनी म्हणते, सगळं खोटं. कोर्ट काय ठरवायचं ते ठरवील.

आपण त्या वाक्याकडे बघू. विमान शिकणाऱ्याचं चुकतं. सगळ्यांचंच चुकतं. ते सांगायची एक भाषा आहे. तुझा वेग जास्त होता, चाकं उशिरा टेकवलीस, रेडिओवर उत्तर चुकलं, पुन्हा सिम्युलेटरला बस. ही भाषा कितीही कडक असू दे, आमची तक्रार नाही. पाठीमागं पावणेदोनशे माणसं जीव मुठीत धरून बसलेली असतात. त्यात आमचीही असतात आता. पण लायकी काढताना ज्याला विमान आठवत नाही आणि चपला आठवतात, तो उड्डाण तपासत नसतो. तो दाखला तपासत असतो. जातीचा.

(आणि चपला शिवणं म्हणजे बिनमेरिटचं काम वाटलं काय रे तुम्हाला? त्याच जून महिन्यात इटलीत मिलानला प्रादा नावाच्या कंपनीने आमच्या कोल्हापुरी चपलेचा घाट जसाच्या तसा उचलून फॅशन शोमध्ये मिरवला. इथं बोंब झाली तेव्हा कबूल केलं की ही भारतातल्या कारागिरांची देणगी. चांभाराच्या हातावर मिलान भुलते, आणि इथं तोच हात शिवी द्यायला वापरतात.)

अमेरिकेत हीच शिवी इंग्रजीत देतात. आमच्या आधीच्या पिढीने १९७२ साली मुंबईत दलित पँथर काढली तेव्हा नाव तिकडच्या काळ्या पँथरांकडून घेतलं होतं. त्यामुळे तिकडचं बघणं ही आमच्यासाठी परदेशवारी नाही, भाऊबंदांच्या घरात डोकावणं आहे.

२९ जानेवारी २०२५. वॉशिंग्टनच्या विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर झाली. ६७ माणसं मेली. नदीतून प्रेतं काढायची बाकी होती, आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प पत्रकारांपुढे उभे राहून सांगू लागले की हे सगळं विविधतेच्या भरतीमुळे झालं. पुरावा? काही नाही. म्हणे अक्कल सांगते. नंतर तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने हिशेब मांडला. हेलिकॉप्टरची ठरवून दिलेली वाट आणि विमानाची उतरायची वाट यांच्यात काही ठिकाणी जेमतेम ७५ फुटांचं अंतर होतं. २०२१ च्या ऑक्टोबरपासून २०२४ च्या डिसेंबरपर्यंत त्या विमानतळाजवळ विमान आणि हेलिकॉप्टर धोकादायकरीत्या जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी सरकारच्या दप्तरात पडून होत्या. वाट आखणारे कोण, नोंदी दाबून बसणारे कोण, हा प्रश्न कुणाला पडला नाही. काळ्याकडे आणि बाईकडे बोट दाखवलं की काम भागतं.

एक वर्ष आधी, जानेवारी २०२४ मध्ये, तिकडचा एक नामांकित उजवा वक्ता जाहीर बोलला होता की कॉकपिटमध्ये काळा पायलट दिसला की मनात येतं, बाबा रे, हा पात्र असू दे. निमित्त काय, तर युनायटेड एअरलाइन्सने २०२१ साली जाहीर केलेली योजना. २०३० पर्यंत पाच हजार नवे वैमानिक शिकवायचे, त्यात किमान निम्म्या बाया आणि गोरे नसलेले लोक घ्यायचे. शिकवायचे! थेट विमानात बसवायचे नाहीत. अमेरिकेत २०१३ पासून प्रवासी विमानाच्या को-पायलटलाही साधारण १५०० तासांचं उड्डाण लागतं. काही वाटांनी थोडी सूट आहे, पण ती रंग बघून मिळत नाही. शाळेत प्रवेश कुणाला आणि लायसन कुणाला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेरिटवाले त्या मुद्दाम एक करतात. इथंही तेच करतात.

एक गोष्ट मात्र सरळ सांगू. अमेरिकन सरकारने २०१४ साली हवाई नियंत्रकांच्या भरतीत एक प्रश्नावली घुसडली. तुझं बालपण कसं होतं, शाळेत कुठला विषय जड गेला, असले प्रश्न. रीतसर कॉलेजात नियंत्रणाचा अभ्यासक्रम केलेली पोरं तिच्यात नापास झाली. २०१६ साली तिथल्या संसदेने तिला वेसण घातली आणि पुढे ती बंद झाली. तसली चाळण आम्हाला नको. ती अन्यायाची दुरुस्ती नव्हती, ऑफिसातल्या बाबूंनी शोधलेला शॉर्टकट होता. आणि ती वैमानिकांसाठी नव्हतीच, हेही ध्यानात ठेवा.

आता जुनी फाईल उघडू. १९२५ साली अमेरिकन सैन्याच्या वॉर कॉलेजने अहवाल लिहून ठेवला की काळा माणूस बुद्धीने आणि धैर्याने कमी. विमान त्याला झेपणार नाही हे त्यातूनच निघालं. त्याच्या चार वर्षं आधी, १९२१ साली, बेसी कोलमन नावाची काळी बाई वैमानिक होऊन बसली होती. शिकागोत लोकांची नखं साफ करून पोट भरायची. अमेरिकेतली एकही शाळा घेईना, तर ती फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि लायसन घेऊन आली. पुढे १९४१ पासून टस्कीगीत काळ्यांची वेगळी तुकडी शिकवली, जवळपास हजार वैमानिक निघाले, महायुद्धात लढले. घरी परतले तर विमान कंपन्यांची दारं बंद.

मार्लन ग्रीनचं नाव पाठ करून ठेवा. हवाई दलातला वैमानिक, तीन हजारांवर तास उडालेला. १९५७ साली कॉन्टिनेंटल एअरलाइन्सकडे अर्ज केला. वंशाचा रकाना कोरा सोडला, फोटो लावला नाही. परीक्षेला बोलावणं आलं. माणूस समोर आल्यावर कळलं, काळा आहे. कंपनीने त्याला सोडून त्याच्याहून कमी तासांचे पाच गोरे घेतले. हा माणूस सहा वर्षं कोर्टात भांडला. १९६३ साली सुप्रीम कोर्टाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि १९६५ साली तो कॉन्टिनेंटलच्या विमानात बसला. त्या सहा वर्षांत कमी तासांचे गोरे विमान उडवत होते तेव्हा एकाही प्रवाशाने ओरड केली नाही की आमचा जीव धोक्यात आहे. मेरिट तेव्हा कुठं शेण खायला गेलं होतं?

बरं, आता घरी या.

बारामतीला, गोंदियाला, धुळ्याला विमान शिकवायच्या शाळा आहेत. छोटी विमानं घिरट्या घालतात आणि खाली आमच्या वस्त्यांतली पोरं मान मोडेस्तोवर वर बघतात. वर जायचं भाडं किती? कमर्शियल लायसनला २०० तास लागतात. एकेका तासाचं पेट्रोल, विमान, मास्तर, सगळ्याचे पैसे शिकणाऱ्याने भरायचे. सरकारच्या स्वतःच्या अकादमीत, रायबरेलीजवळच्या फुरसतगंजला, फी चाळीस लाखांच्या वर. तिथं आरक्षण आहे, जागा राखीव आहे, पण फी राखीव नाही! लायसन मिळाल्यावर मोठं विमान चालवायचं वेगळं ट्रेनिंग, त्याचे पुन्हा पंधरा-वीस लाख. बँक म्हणते, तारण काय? आमच्या बापाकडे तारण म्हणजे झोपडीचा फोटोपास.

सरकारची शिष्यवृत्ती आहे की, असं कुणीतरी म्हणेलच. अनुसूचित जातींसाठी 'टॉप क्लास' नावाची योजना काढली, तिच्यात खासगी फ्लाईंग क्लबच्या फीला वर्षाला ३ लाख ७२ हजारांची मर्यादा घातली. चाळीस लाखांच्या विहिरीत चार लाखांचा दोर. घागर पाण्याला टेकायचीच नाही. मग वर्षअखेर म्हणायला मोकळे, लाभार्थी पुढे येत नाहीत.

म्हणजे चाळणी परीक्षेच्या आधीच लावलेली असते, आणि ती पैशाची आहे. तिच्यातून जे खाली पडतात ते 'पात्र', उरलेले 'अपात्र'. जे. आर. डी. टाटांनी १९२९ साली या देशातलं पहिलं लायसन घेतलं, १९३२ साली कराचीहून मुंबईला टपाल घेऊन उडाले. माणूस धाडसाचा, त्यांचं कौतुक आहेच. पण घरात विमान परवडत होतं हेही खरं. आणि बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांसाठी पेपर सोपा काढला नव्हता. कुणीतरी फी भरली होती, एवढंच. आमची मागणी तिथपासून आजपर्यंत इंचभर सरकलेली नाही. पेपर अवघड काढा. हवा तेवढा अवघड काढा. पण हॉलमध्ये बसू तर द्या.

पैशाने मेरिट कसं तयार होतं ते २०११ साली देशाने बघितलं. जानेवारीत गोव्याला एक विमान आधी पुढच्या चाकावर आपटत उतरलं. चौकशी लागली तर वैमानिकाच्या गुणपत्रिकाच बनावट. मग हजारो लायसन तपासायला घेतली, आणखी खोटे कागदवाले सापडले, अटका झाल्या. राजस्थानात एका सरकारी फ्लाईंग स्कूलमध्ये तर विमान न उडवताच तास वहीत चढवल्याचं प्रकरण बाहेर आलं. हे सगळे कुठल्या कोट्यातून आले होते? खासगी विमान कंपन्यांत आरक्षण नव्हतं, आजही नाही. पैशाच्या कोट्यातून आले होते. पण तेव्हा कुणी म्हटलं नाही की श्रीमंताचं पोरगं कॉकपिटमध्ये दिसलं की पोटात गोळा येतो.

बायांचंही बघा. भारतात वैमानिकांमध्ये बाया बारा ते पंधरा टक्के, जगात पाच-सहा टक्के. या बाबतीत आपला देश जगात वरच्या नंबरावर आहे आणि सरकार ते छाती फुगवून सांगतं. बाया आल्या म्हणून विमानं पडली नाहीत. म्हणजे विविधतेचं यांना वावडं नाही, ती आपल्या आळीतली असली म्हणजे झालं. त्या बायांत वस्तीतल्या पोरी किती, हे कंपन्या जाहीर करत नाहीत. जात मोजायची नाही आणि पाळायची मात्र, ही जुनी खोड.

आणखी एक मुद्दा आहे, तो नुसत्या नोकरीचा नाही, जिवाचा आहे. २२ मे २०१० ला मंगळूरला एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान दरीत गेलं, १५८ जण गेले. कॅप्टन दहा हजारांवर तासांचा, परदेशी. कागदावरचं मेरिट भरपूर. प्रवासात बराच वेळ तो झोपला होता. उतरताना विमान फार उंच होतं, वेग जास्त होता. शेजारचा को-पायलट तीनदा म्हणाला, उतरवू नका, पुन्हा वर घ्या. कॅप्टनने ऐकलं नाही. को-पायलटने हातातून विमान घेतलं नाही. असे अपघात जगभर इतके झाले की १९७९ साली नासाने कार्यशाळा भरवली, आणि तेव्हापासून वैमानिकांना शिकवतात की वरचा चुकला तर खालच्याने टोकायचं, वेळ पडली तर हात घालायचा, आणि वरच्याने ते मानायचं. विमानशास्त्राने जे रक्त सांडून शिकलं ते आम्ही गावात हजार वर्षं बोंबलून सांगतोय. आता सांगा, ज्या कंपनीत शिकाऊला त्याची जात काढून गप्प बसवलं जाईल, तिथं तो पोरगा उद्या कॅप्टनला 'साहेब, चुकताय' कुठल्या तोंडाने म्हणेल? तो गप्प बसला तर मागचे पावणेदोनशे जातीनिहाय मरणार नाहीत.

एअर इंडिया सरकारी होती तोवर तिथं आरक्षणाचा कायदा लागू होता. २७ जानेवारी २०२२ ला ती टाटांकडे गेली आणि त्या दिवशी तो कायदा तिथून खाली उतरला. एका सहीत. पेपरात बातम्या आल्या त्या जेवण सुधारणार, सीटा सुधारणार अशा.

म्हणून आमचं म्हणणं लेखी घ्या. फी पूर्ण भरा, लायसनची आणि पुढच्या मोठ्या विमानाच्या ट्रेनिंगचीही, कर्ज म्हणून नाही. विमानतळ, आकाश, धावपट्टी जनतेच्या पैशाची वापरणाऱ्या खासगी कंपन्यांना आरक्षणाचा कायदा लावा आणि दरवर्षी जातवार आकडे छापायला लावा. सिम्युलेटरवर नापास केलं तर चूक काय, कुठल्या मिनिटाला, तपासणारा कोण, याची सहीची प्रत शिकाऊच्या हातात त्याच दिवशी द्या.

शाखांनी एवढं करावं. आपापल्या वस्तीत फिजिक्स-गणित घेऊन बारावी झालेल्या पोरापोरींच्या याद्या कराव्यात. फुरसतगंजच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरून घ्यावा. फॉर्मचे पैसे वर्गणीतून काढावेत. आणि जे पास होतील पण फीपायी अडकतील त्यांची नावं घेऊन, त्यांना सोबत घेऊन, समाजकल्याणच्या ऑफिसवर जाऊन बसावं.