‘बदलून बघू’ म्हणजे निदान नव्हे!

तुमच्या घरी किंवा बिल्डिंगमध्ये एखादी जुनी मारुती ८०० असेल, कार्ब्युरेटरवाली, तर हा प्रकार ओळखीचा वाटेल. सकाळी चोक ओढला की एका सेल्फमध्ये चालू. सिग्नलला शांत. गावात काही तक्रार नाही. पण हायवेला चौथा गिअर टाकून जरा पाय दाबला, किंवा घाट लागला, की गाडी गचके खायला लागते. ताकद जाते आणि धापा टाकत बंद पडते. दहा मिनिटं कडेला उभं राहायचं, की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही!

आमची १९९७ ची ८०० साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर अशी तीनदा थांबली. पहिल्या वेळी मेकॅनिकने प्लग बदलले, दुसऱ्या वेळी पेट्रोल पंप आणि तिसऱ्या वेळी अख्खा कार्ब्युरेटर. दर वेळी वाक्य एकच, “बदलून बघू.” चौथ्यांदाही गाडी तिथेच थांबली, तेव्हा बाबांनी भंगारवाल्याचा नंबर शोधला. आई याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकली होती. ती काहीच बोलली नाही, आणि घरात तेच जास्त जाणवलं.

मला राग बिलांचा नाही आला. (आला, पण नंतर.) राग याचा आला की तीन वेळा बॉनेट उघडून कुणीही एक साधा प्रश्न विचारला नाही : पेट्रोल नेमकं कुठपर्यंत पोचतंय?

खरं तर लक्षणंच सगळं सांगत होती. कार्ब्युरेटरमध्ये एक छोटी वाटी असते, फ्लोट चेंबर. सोसायटीच्या टाकीत बॉल कॉक असतो ना, अगदी तसंच. पातळी उतरली की फ्लोट खाली येतो, सुई उघडते आणि पंप पेट्रोल भरतो. लाइन कुठेतरी अडलेली असली तरी एकच नळ चालू असताना टाकी भरलेली राहते. सकाळी सगळ्या घरांतले नळ एकदम सुटले की मात्र टाकी रिकामी. गाडीचंही तेच. आयडलला पेट्रोल थोडंसंच लागतं, घाटात भरपूर. वाटी रिकामी झाली की गाडी थांबते, आणि थोड्या वेळात उरलंसुरलं झिरपून ती पुन्हा भरते. इग्निशन कॉइल तापून गेली तर गाडी सहसा बटण दाबल्यासारखी एकदम मरते. आमची धापा टाकत मरायची.

आता शोध कसा घ्यायचा? गाडी जिथे बंद पडली तिथेच. घरी येईपर्यंत वाटी भरते, पुरावा नाहीसा होतो. इग्निशन बंद करून एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्ब्युरेटरच्या घशात बघा आणि थ्रॉटलचा लिव्हर हाताने ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे, दोष दुसरीकडे शोधा. कोरडं असेल तर पुरवठाच होत नाहीये. (पिचकारी एरवी नीट उडते ना, हे आधी घरी बघून ठेवा.) मग टाकीचं झाकण सैल करा. सुस्स आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट पळाली, तर टाकीत हवा जायची वाट बुजलीय. पंप कितीही नवा असू दे, बंद डब्यातून तो किती ओढणार?

आमच्याकडे यातलं काहीच निघालं नाही. फिल्टर स्वच्छ, पंप नवा. शेवटी आयुष्यभर पद्मिनी टॅक्सी दुरुस्त केलेल्या एका शेजारच्या काकांनी पंपाकडे येणारी नळी काढली आणि पंपाला वेगळ्या कॅनमधून पेट्रोल दिलं. गाडी तुफान पळाली. म्हणजे दोष पंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला. तिथे वीतभर रबरी नळी निघाली, वाकवली की बारीक भेगा दिसणारी. गंमत म्हणजे ती कधीच गळली नव्हती. पंप या बाजूने पेट्रोल ओढत असतो, त्यामुळे भेगेतून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. खाली ठिपका नाही, वास नाही, म्हणून कुणाचं लक्षच गेलं नाही.

(हे करताना इंजिन गार हवं आणि जवळ विडी-काडी नको. आणि नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढायचं शौर्य कृपया करू नका.)

पण सगळं मेकॅनिकवर ढकलणं मला पटत नाही. त्याने तास दीड तास शोधण्यात घालवला आणि “शंभरची नळी, पाचशे तपासणीचे” असं बिल दिलं, तर आपण भांडतो. हजारोंचा पार्ट लावला तर मुकाट देतो. पैसे पार्टचे मिळतात, डोकं चालवण्याचे नाही, मग तो तरी कशाला शोधत बसेल? तेव्हा पुढच्या वेळी “काय बदललं?” याआधी “काय तपासलं?” असं विचारा, आणि तपासणीचे पैसे स्वतःहून द्या. बातमी दोन जणांकडून पक्की केल्याशिवाय आमच्या डेस्कवर कुणी घेत नाही. गाडीलाही तेवढा मान द्यायला हरकत नाही.

आणि ही गोष्ट आता जास्त घरांत घडणार आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि नव्वदच्या दशकातलं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. नळ्या बदलताना इथेनॉल चालणारी नळी मागून घ्या, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळ्या एकदमच.

भंगारवाल्याला बाबांनी नाही कळवलं. काढलेला जुना कार्ब्युरेटर माळ्यावर आहे, काकांच्या मते अगदी ठणठणीत. मे महिन्यात पंप तापून पेट्रोलची वाफ झाली तर पंपावर टाकायला त्यांनी एक ओलं फडकं जवळ ठेवायला सांगितलंय. आईने तिची जुनी ओढणी डिकीत टाकलीय. रविवारी साताऱ्याला निघतोय, चालवणार तीच.