चिठ्ठी, संशय आणि बहुमत

‘माफिया’ किंवा ‘वेअरवुल्फ’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या छुप्या भूमिकांच्या खेळांवर शिक्षकमंडळींकडून एक आक्षेप हमखास घेतला जातो. हे खेळ मुलांना खोटे बोलायला शिकवतात, असा तो आक्षेप. जो सर्वांत सफाईने थाप मारतो तो जिंकतो. मग अशा खेळाला शिबिरात वा वर्गात स्थान का द्यावे? आक्षेपामागची तळमळ आम्हांला मान्य आहे, परंतु त्याचा रोख चुकला आहे असे आमचे मत आहे. या खेळात खोटे बोलणारे मोजके असतात आणि त्यांच्यापासून शिकण्यासारखे फारसे काही नसते. शिकण्यासारखे जे आहे ते खरे बोलणाऱ्यांच्या बाजूला घडते. साहित्याच्या अभ्यासकांनी या खेळाकडे थोडे गांभीर्याने पाहावे असे आम्हांला वाटते, ते त्यामुळेच.

खेळाची रचना अगदी साधी आहे. १९८६-८७च्या सुमारास मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दिमित्री दाविदोव्ह यांनी तो रचला, असे सामान्यतः मानले जाते. पुढे १९९७ मध्ये अँड्र्यू प्लॉटकिन यांनी त्याला लांडग्यांचा वेष चढवला आणि गुन्हेगारांच्या जागी माणसाचे लांडगे होणारे गावकरी आले. चिठ्ठ्या वाटल्या जातात. दोघातिघांच्या चिठ्ठीवर ‘माफिया’ असते, बाकीचे नागरिक. सूत्रधाराच्या सूचनेवरून सारे डोळे मिटतात, ही रात्र. माफिया तेवढे डोळे उघडतात, एकमेकांना ओळखतात आणि खुणेने एका नागरिकाचा बळी घेतात. मग दिवस उगवतो. मेला कोण ते सर्वांना कळते, मारणारा कोण यावर चर्चा होते आणि बहुमताने एकाला फाशी दिले जाते. त्यानंतरच त्याची चिठ्ठी उघड होते. आपल्याकडे लहानपणी राजा, प्रधान, शिपाई, चोर अशा चार चिठ्ठ्या टाकून चोर ओळखण्याचा खेळ घरोघरी खेळला गेला आहे. गावागणिक नावे थोडी बदलतात इतकेच. मात्र तिथे चोर ओळखण्याचे काम एकट्याचे असते आणि चुकल्यास गुण जातात. ‘माफिया’त ते काम समूहाचे असते आणि चुकल्यास माणूस जातो. या फरकाचा विचार करण्यासारखा आहे.

थोडे गणित करू. समजा सात जण खेळत आहेत आणि त्यांत दोन माफिया आहेत. पहिल्या दिवशी, सातही जण खेळात असताना, डोळे मिटून एकाकडे बोट केले तर निरपराध माणूस फासावर जाण्याची शक्यता सातांत पाच, म्हणजे सुमारे ७१ टक्के. चर्चेने हे प्रमाण सुधारावे अशी अपेक्षा असते. पण चर्चेत माफियाही बोलतात आणि मतदानात त्यांचेही मत असते. शिवाय चेहऱ्यावरून खोटे ओळखण्याच्या आपल्या कौशल्याविषयी फार आशा बाळगण्यात अर्थ नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र मांडले, तेव्हा खरे आणि खोटे यांत फरक करण्यात माणसे सरासरी ५४ टक्के वेळा यशस्वी ठरतात असे दिसले. नाणे उडवले तर ५० टक्के यश फुकटात मिळते. २००८ मध्ये ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मोसेल या अभ्यासकांनी याच खेळाचे गणिती विश्लेषण केले. गुप्तहेरासारखी खास भूमिका नसेल, तर माफियांची संख्या एकूण संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असली तरी दोन्ही पक्ष तुल्यबळ होतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. गट जितका मोठा, तितक्या लहान टक्केवारीने त्याला हरवता येते. माहिती असलेले थोडे आणि माहिती नसलेले पुष्कळ, एवढ्यावर हा सारा डोलारा उभा आहे.

आता या डोलाऱ्यात नागरिक काय करतात ते पाहू. पहिल्या दिवशी त्यांच्यापाशी पुरावा असा काहीच नसतो. तरीही पाच मिनिटांत आरोप उभे राहतात. अमुक जण गप्प आहे, म्हणजे लपवतो आहे. तमुक फार बोलतो आहे, म्हणजे लक्ष दुसरीकडे वळवतो आहे. तिसरी हसली, म्हणून संशय. चौथी हसली नाही, म्हणूनही संशय. साहित्याच्या वर्गात वाचनाचे जे कसब आपण कौतुकाने शिकवतो, तेच इथे विपरीत रूपात समोर येते. खुणा टिपणे, मौनाचा अर्थ लावणे, विसंगती हेरणे आणि विखुरलेल्या तपशिलांतून सुसंगत कथा रचणे, या साऱ्यात चांगला वाचक तरबेज असतो. संहितेपुढे हे कसब वापरताना आपण निश्चिंत असतो. कारण तिथे प्रत्येक खूण कोणीतरी ठेवलेली असते, असे गृहीत धरायला जागा असते. माणसाच्या हसण्यामागे लेखक नसतो. ते केवळ हसू असू शकते. खेळात फासावर जाणारे पुष्कळसे निरपराध या एका विस्मरणाचे बळी असतात.

निरपराध गड्याची कोंडी तर अधिकच बोलकी आहे. ‘मी नागरिक आहे’ हे वाक्य माफियाही उच्चारतो आणि नागरिकही. शब्द तेच, स्वरही बहुधा तोच. सत्याला स्वतःची अशी वेगळी भाषा नसते. जो पोटतिडकीने स्वतःचा बचाव करतो, त्याची पोटतिडीक संशयास्पद ठरते. जो शांतपणे नाकारतो, त्याचा शांतपणा. ‘मी खरे बोलतो आहे, तर लोकांना ते कळेलच’ या भाबड्या समजुतीवर आपण बालपणापासून वाढतो. ती समजूत अर्ध्या तासात, कोणाला इजा न होता, उतरवून ठेवणारा दुसरा खेळ आम्हांला ठाऊक नाही. आणि ज्याला एकदा खरे बोलूनही फासावर जावे लागले, तो पुढच्या वेळी दुसऱ्याच्या अडखळण्याकडे थोड्या सबुरीने पाहतो, निदान पाहू शकतो.

म्हणून खोटेपणाच्या आक्षेपाला आमचे उत्तर असे. माफियाचे असत्य नियमाने ठरलेले असते, सर्वांना अपेक्षित असते आणि खेळाबरोबर संपते. नागरिकांची खात्री मात्र कोणत्याही नियमात लिहिलेली नसते. ‘मला पक्के ठाऊक आहे, तोच आहे’ असे म्हणणारा बहुधा प्रामाणिक असतो, आणि माफियाला हवे असते ते नेमके हेच. कुशल माफिया फारसे बोलत नाही. दुसऱ्याच्या प्रामाणिक संशयामागे तो आपले मत तेवढे उभे करतो. चिंतेचा विषय शोधायचाच असेल तर तो इथे आहे.

या ठिकाणी मराठी वाचकाला विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवल्यावाचून राहणार नाही. १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आणले आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. या नाटकाकडे स्त्रीच्या शोषणाचे आणि मध्यमवर्गीय दांभिकतेचे नाटक म्हणून पाहिले जाते, ते योग्यच आहे. पण ते एका खेळाचेही नाटक आहे. अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करणारी मंडळी एका गावी येतात. कोर्ट कसे चालते हे सामंताला दाखवण्यासाठी म्हणून एक खोटा खटला उभा करतात आणि बेणारे आत गेलेली असताना आरोपी तीच असे ठरवून टाकतात. आरोप भ्रूणहत्येचा. हा खेळ आणि ‘माफिया’ शेजारी ठेवून पाहिले, तर खेळ कशामुळे खेळ राहतो आणि कशामुळे शिकार होतो, याचा उलगडा होतो.

पहिली गोष्ट चिठ्ठीची. ‘माफिया’त भूमिका दैवयोगाने येते. आज जो आरोपी तो उद्या आरोप करणारा, आणि प्रत्येकाची पाळी येण्याची शक्यता सारखी. बेणारेची भूमिका मात्र तिच्या अपरोक्ष, इतरांच्या संगनमताने ठरते. दुसरी गोष्ट पुराव्याची. खेळात खेळाबाहेरचे आयुष्य पुरावा म्हणून चालत नाही. नाटकात सामंत एका कादंबरीच्या आधाराने साक्ष रचतो, ती कल्पित साक्ष बेणारेच्या खऱ्या आयुष्याला जाऊन भिडते, आणि त्यानंतर साऱ्यांनाच खऱ्याची चटक लागते. तिसरी गोष्ट बाहेर पडण्याची. खेळातला मेलेला गडी उठतो आणि चहा प्यायला जातो. बेणारे निघून जाऊ पाहते तेव्हा दार बाहेरून लागलेले असते. चिठ्ठी, कुंपण आणि दार या तीन गोष्टी काढून घेतल्या की उरते ती निव्वळ झुंड. ती वकिलाची भाषा बोलते, न्यायाधीशाच्या खुर्चीत बसते आणि वर ‘हा तर खेळ’ अशी ग्वाही देते.

म्हणूनच या खेळांचे आमचे समर्थन सरसकट नाही. वर्गातली चिठ्ठी दैवयोगाने वाटली गेली तरी संशय दैवयोगाने वाटला जाईल याची हमी नसते. पुरावा नसतो तेव्हा गट जुन्या सवयीकडे वळतो. बुजरा मुलगा, वेगळ्या बोलीत बोलणारी मुलगी, गावाहून नुकताच आलेला विद्यार्थी यांच्याकडे पहिले बोट वळत असेल, तर तो केवळ खेळाचा भाग म्हणून सोडून देता येणार नाही. बेणारेच्या बाबतीत भूमिका मंडळींनी ठरवली. इथे ती सवय ठरवते, एवढेच. सूत्रधाराने याकडे डोळेझाक केली, तर कुंपण त्यानेच मोडले असे म्हणावे लागेल.

यावर काही उपाय खेळांच्या रचनेतच सापडतात. डॉन एस्क्रिज यांच्या २००९च्या ‘द रेझिस्टन्स’मध्ये कोणीच बाद होत नाही, मोहिमेवर कोण जावे यावर उघड मतदान होते आणि मोहीम फसली तर किती पत्ते विरोधात पडले ते सर्वांसमोर येते. हळूहळू संशयाला आधार मिळत जातो आणि आरोप करणाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. २०१८ साली निघालेला आणि २०२० च्या टाळेबंदीत जगभर पसरलेला ‘अमंग अस’ हा संगणकीय खेळही ‘तू कुठे होतास, कोणी पाहिले’ या प्रश्नांवर चालतो. तिथे चेहरा दिसतच नाही. वर्गासाठी अशी रूपे अधिक बरी, असे आम्हांला वाटते. ‘माफिया’च खेळायचा असेल तर आमची एक सूचना आहे. चिठ्ठी उघडून निरपराध निघाल्यावर लगेच पुढची रात्र जाहीर करू नये. पाच मिनिटे थांबावे आणि ज्यांनी ज्यांनी बोट केले त्यांनी आपले कारण पुन्हा एकदा मोठ्याने सांगावे. उत्तर कळल्यानंतर तीच कारणे कशी ऐकू येतात, हे ऐकण्यासारखे असते. पुनर्वाचन म्हणजे काय, याचा इतका थेट पाठ दुसऱ्या कोणत्याही मार्गाने देता येणे कठीण आहे.

खेळाची एक मर्यादा मात्र विसरू नये. इथे चिठ्ठी अखेर उघडते आणि कोण चुकले ते साऱ्यांना कळते. खेळाबाहेर ज्यांच्याविषयी गटागटाने निकाल दिले जातात, त्यांची चिठ्ठी बहुतेक वेळा कोणी उघडून पाहत नाही. ती मिटलेली असतानाही आपले मत राखून ठेवता येणे, एवढी सवय जरी या खेळाने लावली, तरी खोटे बोलायला शिकवण्याचा त्याच्यावरचा ठपका पुसून टाकायला ती पुरेशी आहे.