रिपोर्ट शुक्रवारी आहे ना? मग उद्या बाहेर पडा

परळला टाटा रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर सकाळी उभं राहिलं की अख्खा महाराष्ट्र भेटतो. कुणी गडचिरोलीचं, कुणी सावंतवाडीचं, आणि प्रत्येकाच्या छातीशी प्लास्टिकच्या पिशवीतली फाइल. रक्त दिलं जातं, बायोप्सी होते, आणि मग सांगतात, रिपोर्टला चार-पाच दिवस लागतील. गावी जाऊन परत यायला ते दिवस अपुरे आणि धर्मशाळेतल्या कॉटवर बसून काढायला फार मोठे. गावाकडून तासातासाला फोन येतो, "काय म्हणाले डॉक्टर?" सांगायला काहीच नसतं.

माझं कळकळीचं सांगणं आहे, त्यातला एक दिवस पेशंटला घेऊन मुंबई बघायला जा.

आम्ही परभणीहून देवगिरीने आलो होतो. आईला हे सुचवलं तेव्हा ती चिडलीच. "जत्रेला आलोय का आपण? लोक काय म्हणतील?" उसने पैसे घेऊन आलेल्या माणसाला फिरण्यावर दहा रुपये खर्चतानाही चोरी केल्यासारखं वाटतं, हे मी जवळून पाहिलंय. पण आजारी माणसाने हसू नये असा नियम कुणी केलेला नाही. आणि सोबत आलेल्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे. रांगा तुम्ही लावता, रात्री जागता तुम्ही, आणि "तू जेवलास का?" हे तुम्हाला कुणी विचारत नाही.

जायचं कुठे? परळहून सगळ्यात सोयीची राणीची बाग. धीम्या लोकलने करी रोड, चिंचपोकळी आणि मग भायखळा. दिव्यांगांच्या डब्यातून कर्करुग्णांनाही जाता येतं, रुग्णालयाचं कार्ड तेवढं जवळ ठेवा. तरीही गर्दीची वेळ टाळा, आणि पेशंट थकलेला असेल तर सरळ टॅक्सी करा. तिथे काटकसर नको.

पेंग्विन बघायला म्हणून मी आईला नेलं, पण ती रमली झाडांत. ही बाग १८६०च्या दशकातली, झाडंही तशीच जुनी. गोरखचिंचेचा तो हत्तीच्या पायासारखा फुगलेला बुंधा पाहून ती थांबली. जन्म शेतात गेलेली बाई. तिने बुंध्यावर हात ठेवला, सालीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "किती पावसाळे बघितले असतील रे याने." चार दिवसांत तिने केलेलं हे पहिलं बोलणं, ज्यात दवाखाना नव्हता. शेजारीच भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले तेव्हा उचलतानाच तुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला. आई त्याच्याभोवती हळूहळू एक फेरी मारून आली.

प्रत्यक्ष घारापुरीला मात्र अशा दिवशी जाऊ नका. लाँचचा प्रवास आणि वर शंभरावर पायऱ्या, अशक्त माणसाला झेपत नाहीत. सिद्धिविनायकाला जायचं असेल तर मंगळवार सोडून. संध्याकाळी दादर चौपाटीवर नुसतं बसलात तरी पुष्कळ.

आता जरा कडक बोलतो. निघण्याआधी डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारा. केमो झालेली असेल तर विचारल्याशिवाय पाऊलही टाकू नका. डोसनंतर साधारण आठवडा-दोन आठवडे पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात आणि तेव्हा गर्दी म्हणजे धोका. पेट स्कॅनच्या दिवशी फिरणं नको, त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं असतं. मास्क, टोपी, घरचं पाणी, घरचा डबा घ्या. पेशंटचं मन कितीही होवो, कापलेली फळं, बर्फाचा गोळा, उसाचा रस नाही म्हणजे नाही. मूळ फाइल मुक्कामी कुलपात ठेवा, कागदांचे फोटो मोबाइलमध्ये घ्या. ताप १००.४च्या वर गेला किंवा थंडी वाजली तर जिथे असाल तिथून थेट रुग्णालय गाठा, सकाळची वाट बघू नका. आणि पेशंट "बस झालं" म्हणाला की अर्ध्या वाटेतून मागे फिरा. दोन तासही पुरतात.

आईला त्या रात्री झोप लागली. शुक्रवारी आम्ही रिपोर्टसाठी बाकावर बसलो होतो. शेजारी बुलढाण्याची एक ताई, मांडीवर फाइल, नजर जमिनीकडे. आईने तिला विचारलं, "तुमचा रिपोर्ट कधी?" सोमवारी, म्हणाली ती. आई तिच्याकडे सरकली. "मग असं करा, भायखळ्याला उतरा. तिथं एक झाड आहे. पण बुधवारी जाऊ नका हं, बाग बंद असते. आम्ही एकदा दारातूनच परत आलो."