कंदील काढा, मग फोटो काढा

दिवाळी जवळ आली की इस्टेट एजंटांना एकाएकी सौंदर्यदृष्टी फुटते. या आठवड्यात पुण्यात घर विकायला काढलेल्या मंडळींकडे सूचनांची एक यादी पोहोचली आहे. आकाशकंदील उतरवून ठेवा, दारातली रांगोळी पुसा, देवघरावर पडदा ओढा, घरच्यांचे फोटो कपाटात घाला, पार्टी बघायला येणार असेल त्या दिवशी तळण काढू नका. भिंतीला फिकट रंग, पलंगावर पांढरी चादर, सोफ्यावर दोन उशा. घरात कुणी राहतं याचा शक्य तेवढा पुरावा नष्ट करायचा आणि मग फोटो काढायचे.

याच एजंटांच्या गाडीत बसून बाणेरला किंवा वाकडला एखाद्या नव्या प्रकल्पावर जाऊन यावं. तिथल्या सॅम्पल फ्लॅटमध्ये दिवाळी नुसती ओसंडत असते. दाराला प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण, फरशीवर चिकटवलेली रांगोळी, बॅटरीवर लुकलुकणाऱ्या पणत्या, काचेच्या बरणीत कुणीही न खायचे लाडू. भिंतीत कोरीव जाळीचं देवघर, त्याच्या मागे पिवळा दिवा. आत देव नाही, पण प्रकाशयोजना चोख. म्हणजे जिथे खरी दिवाळी होते तिथली झाकायची आणि जिथे ती कधीच होणार नाही तिथे मांडायची.

सॅम्पल फ्लॅटशी या स्तंभाचं जुनं वैर आहे आणि वाचकांना ते पाठ आहे. टेप घेऊन जा, हे इथे इतक्यांदा सांगून झालंय की काही वाचक टेपच्या जाहिरातीचा संशय घेतात. तरी पुन्हा सांगायलाच हवं. सॅम्पल फ्लॅटमधल्या पलंगावर झोपून पाहा. साडेपाच फुटी माणसाचे पाय बाहेर आले तर समजावं की पलंग आखूड करून खोली लांब केली आहे. खोल्यांना दारं नसतात, कारण दार उघडायला जागा लागते आणि ती जागा फुकट गेलेली दिसते. कपाटाची खोली हँगर आडवा मावणार नाही इतकी असते. दोन खोल्यांमधल्या भिंतीच्या जागी काच असते. छतात एवढे दिवे असतात की दुपारी बारा वाजता खिडकीतून किती उजेड येतो ते कळत नाही. खिडकीला गज नाही, बाथरूममध्ये बादली नाही, ड्राय बाल्कनीत वाळत घातलेला एकही टॉवेल नाही. अशा घरावर दिवाळी चढवली की पाहणारा फूटपट्टी विसरतो. सजावटीचं काम तेवढंच असतं.

नांदत्या घरातली सजावट मात्र उलटं काम करते. ती घराची गुपितं फोडते.

आकाशकंदील कुठे टांगला आहे ते पाहा. बाल्कनीच्या छताला हूक असेल आणि जवळ प्लगपॉइंट असेल, तर बाल्कनी अजून बाल्कनीच आहे. कंदील खिडकीच्या गजाला बाहेरून बांधलेला दिसला, तर बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली आहे, हे वेगळं विचारायची गरज उरत नाही. पुढचा प्रश्न विचारता येतो: मंजूर नकाशात ती कशी दाखवली आहे? एजंट हॉलची लांबी सांगताना ती बाल्कनी बेमालूम मिळवतो. रेरा कायद्याच्या व्याख्येत मात्र चटईक्षेत्रात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि त्या सदनिकेपुरती असलेली बाल्कनी धरत नाहीत. कंदील उतरवला की हा प्रश्नच कुणाला सुचत नाही.

कंदिलाची वायर कुठून आली आहे, तेही पाहण्यासारखं. ऐंशीच्या दशकातल्या इमारतींत वायरिंग पंखे, ट्यूबलाइट आणि एखादा फ्रिज एवढ्याचा विचार करून झालेलं असतं. त्यावर आता एसी, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन आणि दिवाळीच्या माळा. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडून माळ बाल्कनीपर्यंत नेलेली असेल, तर वायरिंगचा खर्च घराच्या किमतीत धरावा. माळ लावताच फट्कन बटण पडलं, तर घासाघीस करायला मुद्दा मिळाला.

फराळाच्या तळणावर यादीचा विशेष राग आहे. वास्तविक चकलीचा घाणा चालू असताना स्वयंपाकघर पाहायला मिळणं ही खरेदीदाराची चैन आहे. एक्झॉस्ट फॅन धूर बाहेर काढतो की शेजारच्या डक्टमधून तोच धूर परत आत येतो, हे त्या अर्ध्या तासात कळतं. दोन माणसं ओट्याशी उभी राहिली की तिसऱ्याला फ्रिज उघडता येतो का, हेही कळतं. सॅम्पल फ्लॅटच्या ओट्यावर एक रिकामी कॉफीची किटली आणि पाकशास्त्राचं एक परदेशी पुस्तक असतं. तिथे धूर होतच नाही.

आणि नरक चतुर्दशी. घर विकत घेणाऱ्याने वर्षातला एकच दिवस निवडायचा असेल, तर या स्तंभाची शिफारस त्या पहाटेची आहे. पंधरा-वीस लिटरचा साधा गिझर दोनेक किलोवॅट वीज ओढतो. पहाटे पाच वाजता अख्ख्या इमारतीचे गिझर एकदम लागतात, सगळे नळ एकदम सुटतात, आणि वरच्या मजल्यावर पाणी किती दाबाने येतं, टाकी किती वेळ पुरते, याचा निकाल उजाडायच्या आत लागतो. अभ्यंगस्नानाच्या वेळी परक्या घरी जाऊन नळ सोडून पाहणं शिष्टाचारात बसत नाही हे खरं. पण त्याच सोसायटीत एखादे काका ओळखीचे असतील, तर फराळाच्या निमित्ताने त्यांच्याकडून सगळा अहवाल मिळतो. दाराबाहेरची रांगोळीही बोलकी असते. ती ऐसपैस असेल तर लॉबी मोकळी आहे. चपलांच्या दोन कपाटांच्या फटीत कशीबशी काढलेली असेल, तर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत काय चालत असेल याची कल्पना यावी.

कायद्यालाही हा फरक माहीत आहे, आणि तोही गमतीदार रीतीने. रेराच्या २०१६ च्या कायद्यातलं १२ वं कलम जाहिरात आणि माहितीपत्रकाच्या जोडीने थेट नमुना सदनिकेचा उल्लेख करतं. तिच्या भरवशावर पैसे भरले आणि दाखवलेलं खोटं निघून नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. संसदेने सॅम्पल फ्लॅटला कलमात नाव घेऊन बसवलं, कारण तो काय करतो याचा तिला पुरता अंदाज असावा. रिसेलच्या व्यवहाराला लागू होतो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या ५५ व्या कलमानुसार, खरेदीदाराला माहीत नसलेला आणि साध्या काळजीने पाहूनही न सापडणारा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो त्याने सांगितला पाहिजे. यात मेख अशी, की साध्या काळजीने पाहून जे दिसलं असतं ते न पाहण्याची जबाबदारी खरेदीदाराची. ओल आलेल्या भिंतीसमोर पांढरा पडदा आणि कुंडी ठेवण्याचा सल्ला देणाऱ्या एजंटांनी हे कलम वाचलं असेल, असं वाटत नाही. नाहीतर त्यांनी ते फारच बारकाईने वाचलं असेल.

ही यादी आली कुठून, हे शोधायला लांब जावं लागत नाही. जावं लागतं ते अमेरिकेपर्यंत. तिथे विक्रीचं घर सजवून दाखवणं हा स्वतंत्र धंदा आहे आणि त्याची सुरुवात सत्तरच्या दशकात सिएटलच्या आसपास झाल्याचं मानतात. नाताळात घर विकायचं तर झाड छोटं ठेवा, पांढरे दिवे लावा, ख्रिस्तजन्माचा देखावा मांडू नका, असे सल्ले तिथले एजंट देतात. त्यांच्या सावधपणाला निदान एक पार्श्वभूमी आहे. १९६८ च्या तिथल्या कायद्याने घर विकताना किंवा भाड्याने देताना धर्मावरून भेद करायला बंदी केली, आणि जाहिरातीतून तसं सुचवायलाही. मग जाहिरातीत सांताक्लॉज छापला तर चालतो का, अशा शंका निघाल्या. अखेर ९ जानेवारी १९९५ रोजी गृहनिर्माण खात्याला लेखी खुलासा करावा लागला, की सांताक्लॉज किंवा नाताळच्या शुभेच्छा छापल्याने कायदा मोडत नाही.

आपल्याकडे असा कायदा नाही. सहकारी सोसायटीने सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवणं चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात मान्य केलं. इथे घर पाहायला येण्याआधीच फोनवर आडनाव विचारलं जातं, मग मांसाहार करता का ते. जिना चढेपर्यंत दोन्ही बाजूंची कुंडली जुळलेली असते. एवढी चौकशी उरकल्यावर देवघर झाकून पाहुण्यांच्या भावना कशा जपल्या जातात, हे यादी लिहिणाऱ्यालाच ठाऊक. अमेरिकेतला कायदा आपण आणला नाही, त्याच्या भोवतीची भीती मात्र आयात केली.

सणाची सजावट पाहून खरेदीदार बिचकतो, याला पुरावा कुणी दिलेला नाही. सजावट पाहून तो खूश होतो, यालाही पुरावा नाही. तरी या स्तंभाचं मत तेच आहे आणि राहील. खरेदीदार कशाने हलतो याचा मोठा प्रयोग मात्र राज्य सरकारने करून ठेवला आहे. १ सप्टेंबर २०२० पासून वर्षअखेरपर्यंत मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं होतं. त्या साली २ ते १७ सप्टेंबर पितृपक्ष होता आणि पाठोपाठ १६ ऑक्टोबरपर्यंत अधिक आश्विन. एरवी या दिवसांत टोकनसुद्धा हातात ठेवायला लोक कचरतात. त्या सप्टेंबरात मुंबईतल्या घरांच्या नोंदण्या ऑगस्टच्या दुपटीच्या आसपास गेल्या. कोट रुपयांच्या घरावर तीन लाख वाचत असतील तर पितरसुद्धा समजून घेतात. अशा माणसाचा निर्णय समोरच्या घरातल्या कंदिलाने फिरेल, हे पटत नाही.

यादीतली एकच सूचना टिकते, आणि तिचं कारण यादीत दिलेलं नाही. विक्रीचे फोटो कंदील लागण्याआधी काढून घ्यावेत. दिवाळीतले फोटो श्रावणात अजून झळकत असले, की घर किती महिने पडून आहे ते समोरच्याला आपोआप कळतं आणि तो तिथूनच भाव पाडायला सुरुवात करतो. फोटो झाले की मात्र कंदील लावावा, रांगोळी काढावी, तळण तळावं. पार्टी आलीच तर चकली पुढे करावी.

विकणाऱ्यांना एक सोय आणखी आहे. दसरा आणि दिवाळी पाडवा हे साडेतीन मुहूर्तांतले दोन दिवस तीन आठवड्यांच्या अंतराने येतात, आणि त्या काळात खरेदीला निघालेल्या माणसाच्या स्वतःच्या घरीही कंदील लागलेला असतोच. पाडव्याला बिल्डर सोन्याचं नाणं आणि मॉड्युलर किचन पुढे करतील. करारनाम्याची नोंदणी झाल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, एवढं रेराचं १३ वं कलम त्या गर्दीत लक्षात ठेवावं. नाणं मोजून घ्यावं आणि खोलीही मोजून घ्यावी.

भाऊबीजेची दुपार राहिलीच. त्या दिवशी घरटी दोन-तीन गाड्या जास्त येतात आणि सोसायटीच्या पार्किंगचा खरा नकाशा प्रकट होतो: कुणाची जागा कुणी बळकावली आहे, पाहुण्यांच्या जागेवर कुणाची कव्हर घातलेली मोटार वर्षभर झोपली आहे, वॉचमन कुणाला घाबरतो. मोकळी किंवा स्टिल्टखालची जागा बिल्डरला सदनिकेसारखी वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या सोसायटीच्या खटल्यात २०१० मध्येच सांगितलं आहे, तरी माहितीपत्रकात पार्किंगचं चित्र स्वयंपाकघराच्या चित्राएवढंच मोठं असतं. सॅम्पल फ्लॅटमध्ये सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल मांडलेलं असतं, सहाही ताटांभोवती फुलांची महिरप. त्या सहा पाहुण्यांनी गाड्या कुठे लावल्या, असं विचारलं की सेल्सचा मुलगा कॉफीचा दुसरा कप मागवतो.